वर्दी उतरवून उमेदवारी: राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि छाननीचा दिवस

फाईलनोंद

पोलीस अधिकारी राजकारणात उतरला की चर्चा होते ती त्याच्या जुन्या कारवायांची आणि नव्या पक्षाची. नोकरी नेमकी कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली संपली, हे कुणी विचारत नाही. उमेदवारी टिकते की उडते ते मात्र तिथेच ठरतं, म्हणून हा धागा त्या कागदांसाठी. पक्षांची भांडणं कृपया दुसरीकडे.

आयपीएस अधिकाऱ्याला मुदतीआधी बाहेर पडायला तीन दारं आहेत. तिन्ही अखिल भारतीय सेवा (मृत्यू-नि-निवृत्ती लाभ) नियम, १९५८ मध्ये आहेत.

पहिलं, नियम १६(२). अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा ३० वर्षे झाली असेल किंवा वय ५० असेल, तर राज्य सरकारला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येतं. निलंबित असाल तर राज्य सरकारची खास मंजुरी लागते.

दुसरं, नियम १६(२अ). २० वर्षे सेवा झाली की अर्ज करता येतो, पण नोटीस देऊन भागत नाही. केंद्राने ती स्वीकारावी लागते. आयपीएससाठी केंद्र म्हणजे गृह मंत्रालय.

तिसरं, नियम ५ खालचा सरळ राजीनामा. सेवा कितीही वर्षांची असो, देता येतो. किंमत अशी की मागची सगळी सेवा जप्त होते, म्हणजे जुन्या योजनेतलं पेन्शन गेलं. १ जानेवारी २००४ नंतर लागलेले राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत. त्यांच्या खात्यातली रक्कम त्यांचीच राहते, त्यामुळे तरुण अधिकाऱ्याला राजीनामा तुलनेने कमी झोंबतो. पुढे तमिळनाडूत भाजपमध्ये गेलेले आयपीएस के. अण्णामलाई २०११ च्या तुकडीचे, बाहेर पडले २०१९ मध्ये. आठ वर्षांच्या सेवेवर स्वेच्छानिवृत्तीचा प्रश्नच नव्हता. राजीनामा हे एकच दार उघडं होतं.

फाईल जाते ती अशी: अर्ज राज्य सरकारकडे, प्रत पोलीस महासंचालकांना. गृह विभाग बघतो की विभागीय चौकशी चालू आहे का, निलंबन आहे का, दक्षता विभागाकडे काही पडून आहे का, सरकारी येणं बाकी आहे का, अभ्यासरजेचा बाँड शिल्लक आहे का. मग शिफारशीसह दिल्लीला. तिकडून स्वीकृती, त्यानंतर राज्याचा कार्यमुक्तीचा आदेश. अर्जाची पोच म्हणजे निवृत्ती नव्हे. पत्रकार परिषदेतली घोषणा तर नव्हेच.

शंकासुर

अर्ज दिला आणि उमेदवारी भरली, स्वीकृती नंतर आली, तर?

टेबल क्रमांक ४

तर सगळा खेळ छाननीच्या दिवशी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ३६ सांगतं की उमेदवार पात्र आहे की नाही ते छाननीसाठी ठरलेल्या तारखेला बघायचं. लाभाच्या पदाची अपात्रता संविधानात आहे, लोकसभेला अनुच्छेद १०२ आणि विधानसभेला १९१. त्या तारखेला तुम्ही कागदोपत्री सरकारी नोकर असाल तर अर्ज बाद. दुसऱ्या दिवशी स्वीकृती आली तरी उपयोग शून्य.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण धुळ्याचं. आयपीएस अधिकारी अब्दुर रहमान यांनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्तीच्या विरोधात सेवा सोडल्याचं जाहीर केलं होतं. २०२४ ला वंचित बहुजन आघाडीकडून त्यांनी लोकसभेचा अर्ज भरला, तो छाननीत बाद झाला. मुद्दा हाच, सेवेतून रीतसर मुक्तता झालेली नाही. मधे चार वर्षं गेली होती, पण नियमाला वर्षं दिसत नाहीत, आदेश दिसतो.

याच्या उलट आंध्रातले गोरंटला माधव, सर्कल इन्स्पेक्टर. २०१९ ला हिंदुपूरची उमेदवारी मिळाली आणि स्वेच्छानिवृत्ती अडकून पडली. ते प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, कार्यमुक्त करण्याचा आदेश आणला, अर्ज टिकला आणि ते खासदार झाले. फरक बघा: न्यायाधिकरणात ते छाननीच्या आधी गेले.

फाईलनोंद

यात सरकारची मर्जी हा भाग आहेच, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांची नोटीस शिथिल करता येते. असीम अरुण कानपूरचे पोलीस आयुक्त होते. ८ जानेवारी २०२२ ला उत्तर प्रदेशची निवडणूक जाहीर झाली, त्याच दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितल्याचं सांगितलं. काही दिवसांत मोकळे झाले, कनौजमधून भाजपतर्फे आमदार आणि पुढे मंत्री. नियम तोच, फाईलचा वेग वेगळा.

शंकासुर

आणि आयपीएस नसेल तर? फौजदार, हवालदार?

फाईलनोंद

महाराष्ट्रात त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू. नियम ६६: २० वर्षे अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस, नेमणूक अधिकाऱ्याकडे. इथे एक कलम कर्मचाऱ्याच्या बाजूचं आहे. नोटीस संपेपर्यंत नकार कळवला नाही तर त्या तारखेपासून निवृत्ती आपोआप लागू होते. म्हणून नोटीस हातात देऊन तारखेसह पोच घ्यायची. आवक क्रमांक नसलेली पोच म्हणजे रद्दी. राजीनाम्याला नियम ४६, सेवा जप्त. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २९ नुसार कनिष्ठ दर्जाच्या पोलिसाला लेखी परवानगीशिवाय नोकरी सोडता येत नाही. ‘उद्यापासून येत नाही’ म्हणून घरी बसलात तर तो राजीनामा नाही, ती गैरहजेरी. आणि गैरहजेरीतून चौकशी, चौकशीतून पुन्हा अडलेली फाईल.

जुनीकात्रणे

फौजदारांचा विषय निघालाच आहे तर सुशीलकुमार शिंदे. आधी सोलापूरच्या सत्र न्यायालयात नोकरी, मग पोलीस उपनिरीक्षक, गुप्तवार्ता विभागात. १९७१ च्या सुमारास नोकरी सोडली, १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार. पुढे राज्याचे अर्थमंत्री, २००३ ला मुख्यमंत्री, आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जा आणि जुलै २०१२ पासून गृह. ज्या मंत्रालयाखाली देशभरचे आयपीएस येतात तिथे एक माजी फौजदार बसला होता.

त्याहून गंमत २००२ ची. उपराष्ट्रपतिपदाला एनडीएचे भैरोंसिंह शेखावत विरुद्ध शिंदे. शेखावतही राजस्थानात पोलीस उपनिरीक्षक होते, १९५२ मध्ये आमदार होण्याआधी. म्हणजे दोन माजी फौजदारांत लढत, निकाल ४५४ विरुद्ध ३०५.

या दोघांत आणि हल्लीच्यांत मोठा फरक आहे. ते तरुणपणी, खालच्या पदावरून आले आणि पुढची वीस-तीस वर्षं पक्षात घालवली. आताचे लोक आयुक्त किंवा महासंचालक होऊन येतात आणि तीन महिन्यांत निवडणूक लढवतात. दोन्ही गोष्टींना ‘पोलीस ते नेता’ म्हणणं सोयीचं आहे, पण त्या एक नाहीत.

बूथप्रमुख

+१. आणि पद मोठं म्हणून तिकीट मिळतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. बक्सर बघा. गुप्तेश्वर पांडे २००९ मध्ये लोकसभेच्या आशेवर नोकरी सोडायला निघाले, तिकीट मिळालं नाही, काही महिन्यांनी परत खात्यात. सप्टेंबर २०२० ला बिहारचे पोलीस महासंचालक असताना पुन्हा स्वेच्छानिवृत्ती, जदयूत प्रवेश. जागावाटपात बक्सर भाजपकडे गेलं आणि भाजपने तिकीट दिलं परशुराम चतुर्वेदींना. ते कोण? माजी पोलीस शिपाई. शिपाई उमेदवार, महासंचालक घरी. (चतुर्वेदीही पडले, काँग्रेसची जागा राहिली.)

त्याच बक्सरमध्ये आनंद मिश्रा, आसाम-मेघालय केडरचे (म्हणजे त्या राज्यांच्या सेवेत नेमलेले) आयपीएस. २०२४ च्या लोकसभेआधी नोकरी सोडली, भाजपचं तिकीट नाही, अपक्ष लढून हरले, मग जन सुराज, मग भाजप, आणि २०२५ च्या विधानसभेला निवडून आले. यातून शिकण्यासारखं एकच: नोकरी सोडण्याआधी ‘कोणता पक्ष’ विचारण्यापेक्षा ‘युतीत ही जागा कोणाच्या कोट्यात’ हे विचारा.

शंकासुर

पांडे परत खात्यात गेले ते कसं काय? असं कोणालाही जमतं?

फाईलनोंद

नोटिशीची तारीख उलटायच्या आत, सरकारच्या मंजुरीने अर्ज मागे घेता येतो. राजीनामा लागू झाल्यावर मात्र फार अवघड. आता नियमात स्पष्ट आहे की राजकीय पक्षात जाण्यासाठी किंवा निवडणूक लढवण्यासाठी दिलेला राजीनामा परत घ्यायची विनंती मान्य करायची नाही. त्यामुळे ‘हरलो तर परत येईन’ हा हिशेब धरू नये.

टेबल क्रमांक ४

आता छाननीच्या टेबलावरचे कागद. पोलीस अधिकारी नेमका कुठे अडकतो तेवढंच लिहितो.

नमुना २६ चं शपथपत्र सगळ्यांनाच लागतं. त्यात एक प्रश्न आहे: अधिसूचनेच्या आधीच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिलात का? उत्तर ‘हो’ असेल तर भाडं, वीज, पाणी आणि दूरध्वनी, या चारही बाबतीत थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. व्यापाऱ्याला किंवा शेतकऱ्याला हा रकाना ‘लागू नाही’. पोलीस अधिकाऱ्याचा मात्र हाच मोठा. दर दोन-तीन वर्षांनी बदली धरली तर दहा वर्षांत चार-पाच जिल्हे, तितकेच बंगले. एका ठिकाणी क्वार्टर सार्वजनिक बांधकामचं, दुसरीकडे पोलीस गृहनिर्माणचं, वीज वेगळ्या कंपनीची, पाणी नगरपालिकेचं. बदलीनंतर मुलांच्या शाळेसाठी क्वार्टर काही महिने जास्त ठेवलं असेल तर दंडात्मक भाडं लागलेलं असतं आणि ते कुणीतरी वहीत लिहून ठेवलेलं असतं. ते बरोब्बर याच वेळी वर येतं.

देबाशिष धर यांची उमेदवारी याच कागदावर गेली. पश्चिम बंगालमध्ये २०२१ ला शीतलकुचीत गोळीबार झाला तेव्हा ते कूचबिहारचे अधीक्षक होते. मार्च २०२४ मध्ये राजीनामा, बीरभूममधून भाजपची लोकसभेची उमेदवारी. थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून अर्ज बाद. पक्षाने दुसऱ्याचा पर्यायी अर्ज भरून ठेवला होता म्हणून मतदारसंघ रिकामा राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. पोन्नुस्वामी खटल्यापासून, म्हणजे १९५२ पासून हे ठरलेलं आहे: निवडणूक चालू असताना न्यायालय मधे येत नाही, निकालानंतर निवडणूक याचिका करा.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. राजीनाम्याचा अर्ज लिहायच्या आधी सेवापुस्तकातून दहा वर्षांच्या नेमणुका आणि निवासस्थानांची यादी काढा आणि प्रमाणपत्रं मागायला सुरुवात करा. पदावर असताना जो कारकून दोन दिवसांत कागद देतो, तोच पद गेल्यावर ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणतो.

बूथप्रमुख

शेवटचं वाक्य सोन्यासारखं.

टेबल क्रमांक ४

थोडं राहिलं:

कोणताही रकाना कोरा नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आठवण देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो.

गुन्ह्यांचा रकाना. चकमक, कोठडीतली मारहाण, खोटी अटक अशा खासगी तक्रारी वर्षानुवर्षं एखाद्या न्यायालयात पडून असतात, अधिकारी तोवर चार जिल्हे फिरलेला असतो. प्रलंबित खटला असेल तर तो शपथपत्रात लिहायचा आणि अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतर वृत्तपत्रात व वाहिनीवर तीन वेळा जाहीरही करायचा. दोषसिद्धी आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ ची अपात्रता, तो वेगळा विषय.

मतदार यादी. लोकसभेला देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचे मतदार चालता, विधानसभेला त्याच राज्याचे हवे. दुसऱ्या राज्याच्या केडरमधला अधिकारी गावी परतून विधानसभा लढणार असेल तर आधी नाव हलवा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो.

अनामत लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा, आणि ते त्याच मतदारसंघाचे. ए आणि बी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारे पक्षाचे कागद) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. आयुष्यभर संविधानाची शपथ मिरवलेला माणूस ही शपथ विसरला तरी अर्ज बादच.

जुनीकात्रणे

बडतर्फांचं राहिलं.

टेबल क्रमांक ४

हो. त्याच कायद्याचं कलम ९: भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यासाठी बडतर्फ झालेला पाच वर्षं अपात्र. बडतर्फी दुसऱ्या कारणाने असेल तर अपात्रता नाही, पण पाच वर्षांच्या आत लढायचं तर कलम ३३(३) नुसार निवडणूक आयोगाचं तसं प्रमाणपत्र अर्जासोबतच हवं. सीमा सुरक्षा दलाचे तेज बहादूर यादव २०१७ ला बडतर्फ झाले, २०१९ ला वाराणसीतून समाजवादी पक्षाचा अर्ज, प्रमाणपत्र नाही, अर्ज बाद. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, नोव्हेंबर २०२० मध्ये तिथेही हरले. प्रमाणपत्र दिल्लीहून येतं, एका रात्रीत नाही.

शंकासुर

मला खटकतं ते वेगळंच. काल आयुक्त, आज उमेदवार. मधे काही थंडावण्याचा काळ नको?

फाईलनोंद

सध्या नाही. खासगी कंपनीत जायचं तर निवृत्तीनंतर एक वर्ष सरकारची परवानगी लागते, आधी दोन वर्षं होती. निवडणुकीला असं काही नाही. आयोगाने मागे सुचवलं, केंद्राने मानलं नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी याचिका फेटाळताना हे विधिमंडळाने ठरवायचं म्हटलं. माझं मत: किमान शेवटची दोन-तीन वर्षं ज्या जिल्ह्यात हुकूम चालवला तिथून लढायला बंदी हवी. सगळीकडे बंदी घातली तर ती अधिकाऱ्यावर अन्याय होईल.

जुनीकात्रणे

तुमच्या नियमात बरेचसे अडकणारच नाहीत. सत्यपाल सिंह मुंबईचे आयुक्त होते, लढले उत्तर प्रदेशातल्या बागपतला. जानेवारी २०१४ अखेर राजीनामा आणि मे महिन्यात खासदार. अजित सिंह तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ ला जयंत चौधरींना हरवलं, पण तेव्हा फरक साडेतेवीस हजारांवर आला होता. २०२४ ला जागा युतीत राष्ट्रीय लोकदलाकडे गेली, विषय संपला.

बूथप्रमुख

आता हरण्याचं बोलू, कारण हरणारे जास्त आहेत. किरण बेदी २०१५ ला दिल्लीच्या मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार, कृष्णानगरची भाजपची हक्काची जागा, २,२७७ मतांनी पराभव. महाराष्ट्र केडरचे व्ही. व्ही. लक्ष्मीनारायण २०१९ ला विशाखापट्टणमला जनसेनेकडून पडले. सुरेश खोपडे २०१४ ला बारामतीत ‘आप’कडून. प्रदीप शर्मा २०१९ ला नालासोपाऱ्यात शिवसेनेकडून, समोर क्षितिज ठाकूर. अण्णामलाई २०२१ ला अरवाकुरिची आणि २०२४ ला कोइम्बतूर, दोन्हीकडे पराभव, पण मधल्या काळात प्रदेशाध्यक्ष. म्हणजे पक्षाला त्यांचा उपयोग होता, मतदारसंघाला नाही.

कारण साधं आहे. महाराष्ट्रात विधानसभा मतदारसंघात साधारण ३०० ते ३५० बूथ, लोकसभेला सहा विधानसभा, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. दर बूथवर मतदान प्रतिनिधी आणि त्याच्या बदलीला माणूस, प्रत्येकाच्या नेमणुकीचा नमुना १० भरून, सकाळी मतदान सुरू व्हायच्या आत, अभिरूप मतदानाच्या (यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणी मतदानाच्या) वेळी हजर. हजारो माणसं लागतात आणि ती बदलीच्या आदेशाने मिळत नाहीत. अधिकाऱ्याला बूथ माहीत असतो तो ‘संवेदनशील’ आणि ‘सामान्य’ असा. कोणत्या गल्लीत कोणाचं लग्न अडलंय, कोणाचं रेशनकार्ड, ते त्याच्या हाताखालच्या हवालदाराला माहीत असतं. म्हणून तर शिपाई तिकीट घेऊन गेला.

दुसरी चूक सवयीची. खात्यात आदेश खाली जातो आणि अंमलात येतो. पक्षात तालुकाध्यक्षाला फोन केला की तो ‘हो साहेब’ म्हणतो आणि झोपतो.

शंकासुर

मग स्वतःचा पक्ष काढला तर?

टेबल क्रमांक ४

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ. स्थापनेपासून तीस दिवसांत आयोगाकडे अर्ज, किमान १०० सदस्य मतदार म्हणून नोंदलेले, १०,००० रुपये शुल्क, घटना, वृत्तपत्रात जाहीर सूचना आणि हरकतींना तीस दिवस. त्रुटी निघाल्या तर महिने जातात. अकोला जिल्ह्यातले शिवदीप लांडे, बिहार केडर, सप्टेंबर २०२४ ला राजीनामा, एप्रिल २०२५ मध्ये ‘हिंद सेना’ जाहीर केली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मात्र अररिया आणि जमालपूरमधून अपक्ष लढले आणि दोन्हीकडे हरले. सात महिन्यांत पक्ष उभा राहत नाही, चिन्ह तर नाहीच.

जुनीकात्रणे

अवांतर: २०२१ ला पश्चिम बंगालच्या डेबरा मतदारसंघात दोन्ही प्रमुख उमेदवार माजी आयपीएस होते, तृणमूलचे हुमायून कबीर आणि भाजपच्या भारती घोष. कबीर जिंकले, मंत्री झाले. निदान त्या मतदारसंघात तरी ‘पोलीस हरतात’ असं म्हणता आलं नाही.

शंकासुर

:) शेवटचा प्रश्न. निवडून आल्यावर वा पडल्यावर सुटका?

टेबल क्रमांक ४

नाही. खर्चासाठी वेगळं बँक खातं असतं, निकालापासून ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. मोठ्या राज्यांत मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. हिशेब दिलाच नाही आणि कारणही पटलं नाही तर कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्र. हे पडलेल्यांनाही लागू आहे, आणि विसरतात तेच. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसतील तर अनामतही परत मागायला जाऊ नका.